दुसरा रस्ता गणितातून येत नाही

मोबाइलवरच्या नकाशाबद्दल तक्रार केली की एक ठरलेलं उत्तर ऐकायला मिळतं. पूर्वी ते संगणकक्षेत्रातली मंडळी द्यायची, आता चहाच्या टपरीवरही मिळतं. ॲपला कुणाशी देणंघेणं नाही, ते गणित करतं. सगळ्यांत कमी वेळाचा रस्ता काढतं, सोबत एकदोन पर्याय ठेवतं आणि निवड तुमच्यावर सोपवतं. तुमच्या गल्लीतून परक्या गाड्या जाऊ लागल्या? रस्ता सरकारी आहे, तुमच्या मालकीचा नाही. कोंडी झाली? मग ती रस्ते न बांधणाऱ्यांची चूक. गणितावर चिडून काय मिळणार?

या उत्तराची सुरुवात बरीचशी खरी आहे आणि तिच्या आडोशाने बाकीचं सगळं खपून जातं. कमीत कमी वेळाचा रस्ता शोधणं हे गणितच आहे, त्यात वाद नाही. पण त्या निळ्या रेषेच्या शेजारी फिक्या रंगात जे पर्याय उमटतात, ते कुणीतरी घेतलेल्या निर्णयातून येतात. निर्णय आकड्यांत लिहिलेला असतो म्हणून गणितासारखा दिसतो, एवढंच. आणि ज्यांच्या दारावरून तो रस्ता जातो त्यांना त्याची कुणकुणही नसते.

आधी ज्याचं श्रेय त्याला देऊ. १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा हा तरुण शास्त्रज्ञ होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमला आणि एका कॅफेत कॉफी प्यायला बसला. तिथे वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल हातात न घेता, त्याने कमीत कमी अंतराचा रस्ता शोधण्याची रीत मनातल्या मनात रचली. आर्मॅक या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकासाठी नेदरलँड्समधली ६४ शहरं घेऊन ती चालवून दाखवली गेली, आणि १९५९ मध्ये ती छापून आली. रीत साधी आहे. प्रत्येक चौक म्हणजे एक बिंदू, दोन चौकांमधला तुकडा म्हणजे एक रेघ, आणि त्या रेघेची एक किंमत: अंतर म्हणा, मिनिटं म्हणा. निघायच्या जागेपासून हळूहळू पसरत जायचं, दर वेळी सर्वांत स्वस्तात पोचता येणारा बिंदू पक्का करायचा. किमती उणे नसल्या की उत्तर बरोबरच येतं, ते सिद्ध करता येतं. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत ए-स्टार ही रीत आली, २००८ मध्ये कार्ल्सरूहच्या संशोधकांनी रस्त्यांची उतरंड आधीच रचून ठेवण्याची युक्ती काढली आणि खंडभर पसरलेल्या जाळ्यातलं उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत मिळू लागलं. वेग वाढला, उत्तर तेच राहिलं. दोन माणसांनी त्याच किमती घेऊन हिशेब केला तर दोघांची किमान किंमत एकच येणार.

आता त्याच यंत्राला दुसरा रस्ता विचारून पाहा.

गणिताच्या भाषेत दुसरा रस्ता म्हणजे पहिल्याखालोखाल कमी किमतीचा. तो शोधायची रीतही आहे, जिन येन यांनी १९७१ मध्ये मांडलेली. पण तिचं उत्तर ऐकून कुणीही डोक्याला हात लावेल. समजा दादरहून ठाण्याला निघालात आणि पहिला रस्ता पूर्व द्रुतगती महामार्गाचा आला. त्याच्याखालोखालचा रस्ता असणार तोच महामार्ग, फक्त एका उड्डाणपुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या सेवा रस्त्याने जाऊन पुढे पुन्हा वर आलेला. तिसरा असणार तोच महामार्ग, फक्त दुसऱ्या पुलाखालून. चौथ्यात दोन्ही पुलांखालून. असे हजारो निघतात. गणिताच्या दृष्टीने प्रत्येक उत्तर अचूक आहे आणि माणसाच्या दृष्टीने एकही कामाचं नाही. पर्याय म्हणताना आपल्याला जे हवं असतं ते 'दुसऱ्या क्रमांकाची किंमत' या व्याख्येत बसतच नाही. आपल्याला वेगळा रस्ता हवा असतो. किती वेगळा, हे डाइक्स्ट्रा सांगत नाही आणि येनही सांगत नाहीत.

मग ते सांगतं कोण? २०१० साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या इत्ताय अब्राहम, डॅनियल डेलिंग, अँड्र्यू गोल्डबर्ग आणि रेनाटो वेर्नेक या चौघांनी या प्रश्नाला नीट हात घातला. त्यांनी चांगल्या पर्यायासाठी तीन अटी घातल्या. पर्यायाचा मूळ रस्त्याशी सामायिक भाग ठरावीक मर्यादेच्या आत असावा. पर्यायातला कुठलाही छोटा तुकडा स्वतःपुरता कमीत कमी अंतराचाच असावा, म्हणजे उगाच पुलाखाली उतरून वर येणं नको. आणि वळसा कुठेच फार लांबचा नसावा. अटी शहाणपणाच्या आहेत, कुणालाही पटतील. पण प्रत्येक अटीला एक आकडा लागतो. त्यांनी प्रयोगासाठी सामायिक भागाला ८० टक्क्यांची, छोट्या तुकड्याला २५ टक्क्यांची आणि वळशाला २५ टक्क्यांची मर्यादा घेतली. ८० का, ७० का नाही? याला उत्तर नाही आणि त्या चौघांनी ते असल्याचा आवही आणला नाही. प्रयोगाला कुठलातरी आकडा घ्यावाच लागतो.

ग्राफहॉपर नावाचं एक खुलं सॉफ्टवेअर आहे, कुणीही उघडून वाचू शकतं. त्यात पर्याय शोधताना आधीपासून भरून ठेवलेले आकडे वेगळे आहेत: सामायिक भाग ६० टक्क्यांपर्यंत, आणि एकूण किंमत पहिल्या रस्त्याच्या १.४ पटीपर्यंत. शहर तेच, वेळ तीच, रस्त्यांच्या किमतीही त्याच घेतल्या तरी या दोन्ही मापांतून वेगवेगळ्या गल्ल्या पर्याय म्हणून बाहेर पडतील. यातलं 'गणित' कोणतं? दोन्ही, आणि म्हणूनच एकही नाही.

रीतही एकच नाही. केंब्रिजच्या कॅमव्हिट या कंपनीने पठारांची रीत पुढे आणली. निघायच्या आणि पोचायच्या अशा दोन्ही टोकांकडून कमीत कमी किमतीच्या रस्त्यांची झाडं काढायची आणि ती एकमेकांवर ठेवायची. जिथे दोन्ही झाडांच्या फांद्या लांबवर एकमेकींवर बसतात ती पठारं, आणि त्यातल्या लांब पठारांवरून जाणारे रस्ते हे पर्याय. हिच्यातून बहुधा मोठे, ओळखीचे रस्ते निघतात. दुसरी रीत दंडाची: सापडलेला रस्ता कृत्रिमरीत्या महाग करायचा आणि हिशेब पुन्हा मांडायचा, म्हणजे यंत्र आपोआप बाजूला सरकतं. दंड किती लावायचा, हे पुन्हा माणूस ठरवतो. दंड वाढवला की यंत्र जास्त आतल्या रस्त्यांना शिरतं. मेलबर्न, ढाका आणि कोपनहेगन या शहरांच्या नकाशांवर या दोन्हींसह तीन रीती आणि गुगलने दिलेले रस्ते लोकांना दाखवून एक पाहणी झाली. या चारही प्रकारांना लोकांनी वेगवेगळे गुण दिले असं म्हणायला पुरावा सापडला नाही. आणि मुळात पर्यायाचा दर्जा हा बराचसा व्यक्तिसापेक्ष असतो, हे संशोधकांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलं आहे. या विषयात आयुष्य घालवणारी माणसं ज्याला व्यक्तिसापेक्ष म्हणतात, त्याला आपण गणित म्हणून नमस्कार करतो.

प्रतिपक्ष इथे जरा मागे सरकून म्हणेल: बरं, आकडे माणसाने ठरवले. पण निवड तर तुमचीच ना? तीन रस्ते समोर आहेत, हवा तो घ्या.

पंगतीत बसलेल्याने ताटातलं काय खायचं ते तो ठरवतो, ताटात काय पडणार ते वाढपी ठरवतो. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे शेकडो बरे रस्ते असतात, समोर येतात दोन किंवा तीन. त्यातला एक ठळक निळा असतो, बाकीचे फिके. गाडी सुरू झाल्यावर मध्येच सूचना येते की अमुक वळण घेतलंत तर पाच मिनिटं वाचतील. दुचाकीच्या हँडलला फोन अडकवलेला, पाऊस सुरू, मागून हॉर्न. अशा वेळी माणूस निवड करत नाही, सांगितलं तिकडे वळतो.

शिवाय कंपन्या स्वतःच या यंत्रात वाटेल तेव्हा धोरण घालतात. गुगलने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला, कारण मोटारीला न जमणारे बोळ दुचाकीला जमतात. २०२१ मध्ये अमेरिकेत त्यांनी ठरवलं की वेळ जवळपास सारखा असेल तर कमी इंधनाचा रस्ता आधी दाखवायचा. जुलै २०२४ मध्ये त्यांनी भारतातल्या आठ शहरांत चारचाकीला अरुंद रस्ते टाळायला मदत करणारी सोय सुरू केली. (पहिल्या आठांत मुंबईही नव्हती आणि पुणेही नव्हतं. इंदूर आणि भोपाळ होती. पेठांमध्ये राहणाऱ्यांनी याचा काय तो अर्थ लावावा.) हे तिन्ही निर्णय मला चांगले वाटतात. पण ज्यांनी इंधनाला मान दिला आणि गल्लीची रुंदी मोजायला घेतली, त्यांना 'आम्ही फक्त वेगाचं गणित करतो' असं म्हणायचा हक्क उरत नाही. गल्लीची रुंदी हिशेबात धरता येते, तर त्या गल्लीत शाळा आहे हेही धरता येतं. धरलं नाही, तर तोही निर्णयच.

आता रस्ता सार्वजनिक आहे, या मुद्द्याकडे येऊ. तो वजनदार आहे, झटकून टाकण्यासारखा नाही.

न्यू जर्सीत, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळ लिओनिया नावाचं छोटं गाव आहे. पुलाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गर्दी झाली की ॲप्स गाड्या गावातून वळवू लागली. जानेवारी २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या वेळी सुमारे ६० रस्ते बाहेरच्यांना बंद केले, रहिवाशांना गाडीत अडकवायला पिवळे बिल्ले दिले आणि नियम मोडणाऱ्याला २०० डॉलरचा दंड ठेवला. त्याच वर्षी न्यायालयाने तो नियम रद्द केला. सार्वजनिक रस्ता गाव आपल्या मनाने, राज्याच्या परवानगीशिवाय बंद करू शकत नाही, असा त्याचा आशय. प्रतिपक्षाला हे आवडेल. पण ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात याच प्रश्नाचं वेगळं उत्तर निघालं. ब्रेनर खिंडीकडे जाणाऱ्या महामार्गावर सुट्टीच्या दिवसांत गाड्या तुंबल्या की त्या इन्सब्रुकभोवतालच्या खेड्यांतून निघायच्या. २०१९ च्या उन्हाळ्यात प्रांताने शनिवार-रविवारी अशा नुसत्या पुढे जाणाऱ्या गाड्यांना गावरस्त्यांवर उतरायलाच बंदी केली, आणि पोलिसांनी गाड्या महामार्गावर परत पाठवल्या. रस्ता सार्वजनिक दोन्हीकडे होता. टिरोलने त्याचा वापर कसा व्हावा हे ठरवण्याचा अधिकारही सार्वजनिक मानला.

आपल्याकडे विकास आराखड्यात रस्ते रुंदीनुसार दाखवलेले असतात, ९ मीटर, १२ मीटर, १८, २४. ते उगाच नसतं. ९ मीटरचा रस्ता तिथे राहणाऱ्यांनी घरी यावं-जावं यासाठी असतो, २४ मीटरचा शहर ओलांडणाऱ्यांसाठी. ॲपच्या हिशेबात ही उतरंड टिकत नाही. तिथे एकच माप असतं, मिनिटं. संध्याकाळी ७ वाजता २४ मीटरचा रस्ता तुंबलेला असतो आणि ९ मीटरचा रिकामा. म्हणजे ९ मीटरचा स्वस्त. तो रिकामा का आहे, हा प्रश्न यंत्राला पडत नाही. तो रिकामा असतो कारण तिथून पलीकडे जायचं नसतं, हे आजवर सगळ्यांनी न सांगता पाळलेलं असतं.

रिकामेपणाचं कारण न कळल्याने काय होऊ शकतं ते लॉस एंजेलिसमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये दिसलं. वणवा पेटला होता, वस्त्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि पोलिसांना लोकांना सांगावं लागलं की रस्ता दाखवणारी ॲप्स वापरू नका, ती आगीच्या भागातल्या मोकळ्या रस्त्यांकडे वळवत आहेत. रस्ते मोकळे होते हे खरंच होतं. आणि याची उलटी बाजू २०२० मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने दाखवली. ९९ जुने फोन एका हातगाडीत भरून तो रस्त्याने चालत गेला आणि नकाशावर तो रस्ता कोंडी झाल्यासारखा लाल झाला. रस्त्यावर हातगाडीशिवाय फारसं काही नव्हतं.

प्रतिपक्षाचा सगळ्यांत हुशार युक्तिवाद अजून बाकी आहे: गाड्या आतल्या रस्त्यांवर पसरल्या तर मोठ्या रस्त्याचा भार कमी होतो, म्हणजे सगळ्यांचाच फायदा. ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण १९५२ मध्ये जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप या इंग्लिश संशोधकाने यातला फरक स्पष्ट केला होता. प्रत्येकाने आपापला वेळ वाचवायचा म्हटलं तर वाहतूक एका ठिकाणी येऊन स्थिरावते, आणि सगळ्यांचा मिळून वेळ वाचवायचा म्हटलं तर दुसऱ्याच ठिकाणी. पुढे १९६८ मध्ये डिट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने दाखवून दिलं की या दोन ठिकाणांतलं अंतर इतकं विचित्र असू शकतं की नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच वेळ वाढतो.

उदाहरण करून पाहा. सकाळी ४००० गाड्या एका जागेहून दुसरीकडे निघाल्या. वाटा दोन. प्रत्येक वाटेत एक रुंद, लांबचा टप्पा आहे: कितीही गाड्या येवोत, ४५ मिनिटं. आणि एक अरुंद टप्पा आहे: तिथे जितक्या गाड्या त्याला १०० ने भागा, तितकी मिनिटं. पहिल्या वाटेत अरुंद टप्पा आधी येतो, दुसरीत शेवटी. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात: अरुंद टप्प्यावर २०, रुंद टप्प्यावर ४५, एकूण ६५ मिनिटं. आता दोन्ही वाटांच्या मध्यावरून एकीतून दुसरीत जाणारा एक बोळ ॲपला सापडला, ओलांडायला जवळपास काहीच वेळ न लागणारा. पहिल्या वाटेचा अरुंद टप्पा, मग बोळ, मग दुसऱ्या वाटेचा अरुंद टप्पा: प्रत्येकाला स्वतःपुरता हाच मार्ग स्वस्त दिसतो. सगळे तिकडे जातात. ४० अधिक ४०, एकूण ८० मिनिटं. आणि एखाद्याने शहाणपणा करून पुन्हा रुंद टप्पा धरला तर त्याला ८५ लागतात, म्हणून कुणी मागे फिरत नाही. बोळ सापडण्याआधी ६५, सापडल्यावर ८०. प्रत्येक फोनने आपल्या मालकाला अगदी खरं उत्तर दिलं, आणि सगळे १५ मिनिटं उशिरा पोचले.

ब्रेसचा विरोधाभास रोज, प्रत्येक चौकात घडतो असं नाही. रस्त्यांची रचना आणि गाड्यांची संख्या तशी जुळावी लागते, आणि कित्येकदा भार पसरल्याने खरोखर आराम पडतो. पण मग 'पसरलं की सगळ्यांचं भलं' हा नियम म्हणून सांगता येत नाही, तो त्या-त्या जागी तपासावा लागतो. तपासणार कोण? ॲपसमोर प्रश्न येतो तो एका गाडीचा. त्या गाडीने मागच्या चाळीस गाड्यांचा किती वेळ खाल्ला, हे त्या रस्त्याच्या किमतीत धरलेलं नसतं.

एवढं वाचून काही वाचक खूश झाले असतील. जुन्या रिक्षावाल्यांच्या आठवणी काढून, मोबाइलने माणसांची अक्कल गहाण टाकली असं म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्यांच्याशीही माझं पटत नाही. नव्या शहरात आलेल्या मुलीला रात्री रिक्षा कुठून नेली जाते आहे हे फोनवर दिसतं, ही लहान गोष्ट नाही. घरपोच जेवण आणणाऱ्या पोराचं पोट त्या रेषेवर चालतं. पूर्वी आतल्या रस्त्यांची माहिती ज्यांच्याकडे होती ते ती मोफत वाटत नव्हते. ॲप फेकून द्या, हा काही युक्तिवाद नाही.

आणि अपघात झाला की सगळं खापर ॲपवर फोडायची पद्धतही मला पटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात नकाशाच्या भरवशावर निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून थेट पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. पूल बुडालेला आहे हे गावात ठाऊक होतं, नकाशात नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या, पुराने पुढचा भाग वाहून गेलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघे गेले. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याचे अभियंते आणि नकाशा कंपनीचा अधिकारी, दोघांवरही गुन्हा नोंदवला गेला. मला ते बरोबर वाटतं. तुटलेल्या पुलाच्या तोंडाशी भक्कम अडथळा उभा करणं हे काम कुठल्याही ॲपचं नाही. पण तो पूल चालू आहे असं सांगणं हे विधान आहे, आणि विधान करणाऱ्यावर जबाबदारी येते.

मुद्दा जबाबदारीचाच आहे. वाहतूक पोलीस पर्यायी मार्ग जाहीर करतात तेव्हा काय होतं ते आठवा. ऑगस्ट २०२४ मध्ये सायनचा ब्रिटिश काळातला रेल्वेपूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा कुठल्या गाड्यांनी कुठून जायचं याची अधिसूचना निघाली. गणेश विसर्जनाला निघते, पालखीला निघते. तिच्यावर तारीख असते, सही असते, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम लिहिलेलं असतं. अनेकदा हरकती आणि सूचनाही मागवतात. मार्ग मूर्खपणाचा असेल तर कुणाला शिव्या द्यायच्या हे तरी कळतं, चौकीत जाऊन भांडता येतं, नगरसेवकाला गाठता येतं. ॲपने रोज संध्याकाळी हजारो गाड्या तुमच्या ९ मीटरच्या रस्त्यावर वळवल्या तर ती अधिसूचना कुठे आहे? सही कुणाची? मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कच्या रहिवाशांना हाच प्रश्न पडला, तेव्हा काहींनी ॲपवर आपल्या गल्लीत अपघात झाल्याच्या खोट्या नोंदी टाकून गाड्या पळवायचा प्रयत्न केला. तक्रार करायला खिडकी नसली की लोक असले उद्योग करतात.

एक आक्षेप मात्र मी प्रतिपक्षाकडूनही नीट मांडला गेलेला ऐकला नाही, म्हणून स्वतःच मांडतो. गल्ल्या बंद करायची मागणी सगळ्यांत आधी कोण करणार? ज्यांना आवाज आहे ते. आपल्याकडे सोसायट्या सार्वजनिक रस्त्यावर फाटक बसवून वॉचमन उभा करतात आणि त्याला कुणी विचारत नाही. उद्या ॲपला सांगायचा अधिकार मिळाला तर बंगल्यांच्या कॉलन्या आपले रस्ते नकाशावरून पुसून घेतील आणि गाड्या वस्तीच्या रस्त्यावर जातील, जिथून तक्रार कुणी करणार नाही. ही भीती खरी आहे. तिचं उत्तर असं की हा अधिकार सोसायटीकडेही नको आणि कंपनीकडेही नको. तो पालिकेकडे आणि वाहतूक शाखेकडे हवा, निकष आधी छापलेले हवेत, आणि बंगला व वस्ती दोन्हींना तेच लागू हवेत.

आता कुणी म्हणेल, परदेशी कंपनीला सांगणार कसं? फ्रान्सने सांगितलं. ऑगस्ट २०२२ च्या फर्मानाने तिथे प्रवासाला रस्ता सुचवणाऱ्या डिजिटल सेवांवर काही बंधनं घातली. त्यातलं एक आपल्या विषयाशी थेट भिडतं: मोठ्या वाहतुकीसाठी न बांधलेल्या दुय्यम रस्त्यांवरून भरमसाट गाड्या नेणारेच मार्ग सुचवून थांबायचं नाही. हा नियम किती पाळला जातो याची मोजदाद हा वेगळा विषय, पण पर्यायी मार्गांच्या यादीत काय असावं हा सार्वजनिक प्रश्न आहे, एवढं एका देशाने कायद्यात लिहून ठेवलं.

आपल्याला तर नवा कायदा करायचीही गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय पाहून, किंवा एखाद्या रस्त्याचं वा पुलाचं स्वरूप पाहून, वाहनांवर बंदी किंवा निर्बंध घालता येतात. बंदी महिन्याभराच्या आतली असेल तर राजपत्रातली अधिसूचनाही लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. आपली अडचण वेगळीच आहे. ही प्रसिद्धी म्हणजे बहुतेक वेळा सही-शिक्क्याच्या कागदाचा तिरका काढलेला फोटो, व्हॉट्सॲपवर फिरणारा. माणसालाच तो वाचता येत नाही, यंत्र काय वाचणार? नकाशा कंपनीला जाब विचारण्याआधी बंद पूल, बुडालेले पूल, शाळेच्या वेळेत बंद ठेवायचे रस्ते यांची रोज अद्ययावत होणारी, यंत्राला वाचता येणारी यादी पालिकेने आणि बांधकाम खात्याने उघडपणे ठेवली पाहिजे. ती ठेवली की मग 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर कंपनीकडून काढून घेता येईल.

म्हणून पुढच्या वेळी वाहतूक शाखेची हरकती-सूचनांची जाहिरात दिसली की एवढ्या तीन गोष्टी लेखी कळवा. आपल्या भागातले कुठले रस्ते पलीकडे जाणाऱ्या वाहतुकीसाठी नाहीत ते कलम ११५ खाली ठरवा. ती यादी ॲप्सना वाचता येईल अशी जाहीर करा. आणि शहरात रस्ता सुचवणाऱ्या प्रत्येक सेवेकडून ती यादी पाळल्याचं व पर्याय निवडताना कुठले आकडे वापरले याचं उत्तर मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.